कामासाठी मुंबईत आहे. मासे खायचेत आणि थोडा डोंगरही चढायचाय. जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये छत्रपती संभाजीनगरहून येताय, बुधवार ते शुक्रवार बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) ट्रेनिंग, राहायला अंधेरी पूर्वेला मरोळ, शनिवारी रात्री सीएसएमटीहून परतीची गाडी. मासे फारसे खाल्लेले नाहीत, पण खायचेत. डोंगर-जंगलही हवंय, आणि मित्र म्हणतायत लोणावळा गाठ.

जमेल, अगदी मजेत जमेल. पण लोणावळा डोक्यातून काढून टाका. पावसाळ्यातल्या शनिवारी अर्धी मुंबई त्याच रस्त्यावर असते. रात्रीची गाडी पकडायची असताना घाटात अडकून पडलात तर सगळा दिवस घड्याळ बघण्यात जाईल. कर्जत-नेरळच्या धबधब्यांवरही पावसाळ्यात बऱ्याचदा बंदी असते. आणि मुळात लांब जायची गरजच काय? या शहराच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल आहे. मी बोरिवलीत वाढलो आणि नोकरी बीकेसीत करतो, त्यामुळे बाहेरगावचे सहकारी आले की त्यांना फिरवायचं काम आपसूक माझ्याकडेच येतं. ते मी आवडीने करतो.

आधी खाण्याचं बोलू, कारण तुमच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा निघतात, ताजी मासळी बाजारात यायला लागते, म्हणजे तुमचा मुहूर्त चांगला आहे. पहिल्या दिवशी ट्रेनिंग संपलं की रिक्षाने वांद्रे पूर्वेला गांधीनगरमधल्या 'हायवे गोमंतक'ला जा, बीकेसीहून जवळ आहे. जागा साधी, गर्दी भरपूर, थांबायची तयारी ठेवा.

काट्यांची सवय नसेल तर सुरुवात बोंबील फ्रायने करा. बोंबील हा अंगात पाणी भरलेला मासा. तो उभा चिरून मधला काटा काढतात, मग वजनाखाली दाबून पाणी काढतात, आणि मसाला-रवा लावून तव्यावर टाकतात. नीट जमलेला बोंबील वरून कडक लागतो आणि आत दात लावायच्या आधीच विरघळतो. काही ठिकाणी न दाबता अख्खा तळून देतात, त्याची लज्जत वेगळी, पण पहिल्यांदा खाणाऱ्याने दाबलेलाच मागावा. त्यानंतर सुरमईची तुकडी घ्या. तिला मधला काटा तेवढा असतो, तो बाजूला केला की निवांत जेवता येतं. बांगडा पुढच्या खेपेला. चव जबरदस्त, पण वास आणि काटे दोन्हींची थोडी ओळख लागते. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, मिळालं तर सोडू नका. सोलकढी शेवटी नुसती पिऊ नका, थोडी भातावरही घ्या. श्रावणात मासे नको असतील तर काही अडत नाही, कारण दुसरी संध्याकाळ दादरची आहे.

बीकेसीहून भुयारी मेट्रोने धारावी, शीतलादेवी आणि मग दादर. पश्चिमेला शिवसेना भवनाच्या आसपास 'आस्वाद' आणि 'प्रकाश' ही दोन मराठी उपाहारगृहं आहेत. 'प्रकाश'चा साबुदाणा वडा आणि पियूष, 'आस्वाद'चं थालीपीठ. मिसळ दोन्हीकडे मिळते, पण तुमच्याकडच्या झणझणीत तर्रीची अपेक्षा धरू नका, मुंबईची मिसळ सौम्य असते. वडापाव मात्र दादरलाच खा. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं मानतात, आणि आजही त्या भागात पाव मऊ आणि वडा गरम मिळतो. लसणाची सुकी चटणी थोडी जास्त मागा.

एखाद्या दुपारी जेवणाची सुट्टी मोठी असेल तर बीकेसीला लागूनच, मिठी नदीच्या काठावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत तिथे झाडं लावत लावत ३७ एकरांवर जंगल उभं केलंय. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. मीटिंगने डोकं जड झालं की मी तिथेच जातो.

आता शनिवार. सकाळ पूर्ण कान्हेरीला द्या, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बौद्ध लेण्यांना. मरोळ नाक्याहून मेट्रो १ ने पश्चिम द्रुतगती मार्ग स्थानकापर्यंत, तिथे पुलावरून गुंदवली, मग मेट्रो ७ ने राष्ट्रीय उद्यान. लोकलच्या गर्दीशी संबंधच येत नाही. उद्यान उघडल्या उघडल्या आत शिरा, शनिवारी नंतर माणसांची रीघ लागते. (उद्यान सोमवारी बंद असतं, पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा.) गेटपासून लेणी सहाएक किलोमीटर आत आहेत. उद्यानाची बस मिळते, सायकलीही भाड्याने मिळतात. लेण्यांचं तिकीट वेगळं.

वेरूळ-अजिंठा तुमच्या दारात, मग इथे लेणी कशाला बघू असं वाटेल. इथे शिल्पांपेक्षा पाणी बघायला या. शंभराहून जास्त लेणी एकाच काळ्या डोंगरात खोदलेली, बहुतेक भिक्षूंच्या राहण्याची, आणि जागोजाग दाराशी स्वतःची पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. डोंगरावर पडणारा पाऊस या टाक्यांत नेणारे पन्हाळ कातळात कोरलेले आहेत. उन्हाळ्यात ते नुसते चर वाटतात. ऑगस्टमध्ये त्यातून पाणी खळखळत जाताना दिसतं, दोन हजार वर्षांपूर्वी आखलेल्या वाटेनेच. तीन नंबरच्या चैत्याशी, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या लेण्याशी, बहुतेक लोक फोटो काढून परततात. तुम्ही तसं करू नका, पायऱ्यांनी वर चढत राहा. दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, म्हणजे कामधंद्यासाठी फिरणारी माणसं इथे तेव्हापासून येतायत. ९० नंबरच्या लेण्यात तर इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, कोरलेली नावं आहेत. माथ्यावर पोचलात की एका बाजूला नुसतं हिरवं जंगल आणि दुसऱ्या बाजूला इमारतींची रांग. ढग उतरले तर दोन्ही गायब.

शेवाळलेला कातळ भयंकर निसरडा असतो, तेव्हा ऑफिसचे बूट हॉटेलवर ठेवा आणि चांगल्या पकडीचे घाला. ओढ्याला पाणी चढलेलं दिसलं तर तो ओलांडायचा नाही, कोणी पुढे जात असलं तरी. माकडं हातातली पिशवी ओढतात. बिबट्यांचं जंगल आहे, पायवाट सोडून एकट्याने आत शिरू नका.

उतरल्यावर बोरिवली स्टेशनच्या बाजाराकडे चक्कर मारा. आदिवासी मावश्या टाकळा, कुर्डू, कर्टुली अशा रानभाज्यांचे वाटे लावून बसलेल्या असतात. कर्टुली तुमच्या ओळखीची असेलच, घरी न्यायला घ्या, रात्रीच्या प्रवासात टिकते.

संध्याकाळी मरोळ नाक्याहून थेट भुयारी मेट्रोने सीएसएमटी. हातात तास असेल तर समोर 'आराम'चा वडापाव आहे, गाडीतल्या जेवणापेक्षा तो बांधून घेतलेला बरा. मरीन ड्राइव्हला जायचं मनात असेल तर आधी भरतीची वेळ बघा. ऑगस्टच्या मोठ्या भरतीत लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, तेव्हा कठड्यावर बसू नका.

शुक्रवारी रात्री हवामान खात्याचा अंदाज जरूर बघा. शनिवारी रेड अलर्ट असेल तर कान्हेरी रद्द करा आणि इथेच खाली लिहा, त्या दिवसासाठी माटुंग्याची सकाळ आखून देतो.