तुमचे प्रश्न : पारा पाचवर, मग गवतावर बर्फ कसा?

प्रश्न : सर, मुलगी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, शटॉक्वा काउंटीत असते. सगळा खेड्यांचा मुलूख. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं कमरेइतका बर्फ दाखवला. त्याच पहाटे आमच्या बागेत गवतावर पांढरं पडलं होतं, पण कुंदेवाडीचा पारा म्हणे पाच अंश. हे कसं? आणि तिकडचं हिमवादळ कधी इकडे येईल का?
– एक द्राक्षबागायतदार, उगाव (ता. निफाड)

उत्तर : दादा, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा खोटा नाही. तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन रात्रभर ऊब आभाळात सोडते आणि गार, जड हवा तळाशी साचते. पिंपळगावला मित्राच्या बागेत मी दोन तापमापक लावले होते. पहिल्या रात्री एक शेडच्या पत्र्याखाली टांगला, तिथे आभाळच झाकलेलं, म्हणून मित्र हसला ते बरोबरच. मग जागा बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ओलांड्यावरचा, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरचा, पाच दाखवत होता, गवतातला शून्याच्या अर्धा अंश खाली. तुमचं पांढरं ते हेच, जागेवर गोठलेलं दव. आभाळातून काही पडलेलं नाही.

शटॉक्वात पडतं ते ढगातून. शेजारी एरी सरोवर आहे, एवढं मोठं की आपला अख्खा नाशिक जिल्हा त्यात मावून उरेल. कॅनडाकडून कोरडी, बोचरी हवा येते, न गोठलेल्या कोमट पाण्यावरून जाताना वाफ उचलते आणि किनाऱ्यामागच्या टेकड्यांवर चढताना ती बर्फ म्हणून टाकते. घाटात पावसाळ्यात होतं तसंच. ढग इगतपुरीला रिकामे होतात नि निफाडला भुरभुर उरते, तसं तिकडे एका गावात गाड्या गाडल्या जातात आणि थोड्या अंतरावर रस्ता कोरडा. सरोवर गोठलं की हा जोर ओसरतो.

आपल्याकडे थंडी उत्तरेकडून येते ती कोरडी. वाटेत असं सरोवर नाही, आणि ढग आले तर रात्र उलट उबदार होते. त्यामुळे हिमवादळाची धास्ती सोडा.

गंमत म्हणजे शटॉक्वाही द्राक्षांचाच मुलूख आहे. तिथली कॉनकॉर्ड द्राक्षं रसाला जातात. हिवाळ्यात वेली पानं गाळून झोपलेल्या असतात, उणे वीसही सोसतात. तुमच्या वेलीवर मात्र ऑक्टोबर छाटणीचे घड ऐन भरात. म्हणून त्यांच्या कमरेइतक्या बर्फापेक्षा तुमचं हे बोटभर पांढरं महाग पडतं : मणी फुगायचे थांबतात, साखर भरत नाही, पिंक बेरीचं, म्हणजे थंडीने हिरवे मणी गुलाबी पडण्याचं, भय वेगळंच.

शेकोटीच्या धुराची गोधडी होते, हे मला फारसं पटत नाही. ऊब देतो तो जाळ, तोही जवळपासच्या ओळींना. त्यापेक्षा पहाटे बोअरचं पाणी ठिबकने सोडा. ते हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. घडांना वर्तमानपत्राचे कागद लावायचे राहिले असतील, तर ते या आठवड्यातच उरका.