चिलापीच्या मासेमारीसाठी रीळ घेताय?

दोन ते सात ग्रॅमची चमचे आणि जिग अशी कृत्रिम आमिषं टाकायची असतील, तर डोळे झाकून स्पिनिंग रीळ घ्या. बेटकास्टर (रीळचाच दुसरा प्रकार) हातात घेतला की भारी वाटतं हे खरं, पण त्यात दोरा सुटताना अख्खं स्पूल (दोरा गुंडाळलेली फिरकी) फिरावं लागतं. तीन ग्रॅमच्या आमिषात स्पूलला खेचायची ताकदच नसते. मग जोर लावता, स्पूल आमिषापेक्षा जास्त वेगानं फिरतं आणि अंगठा वेळेत पडला नाही की दोऱ्याचं घरटं! उरलेली संध्याकाळ ते सोडवण्यात जाते. समोरून वारा असेल तर आणखीच हाल, आणि धरणावर तो असतोच.

स्पिनिंगचं स्पूल जागेवर स्थिर असतं, दोरा नुसता वेटोळी सोडत निघतो. 1000 किंवा 2000 साइझ आणि सहा पौंडी मोनो (एकपदरी नायलॉनचा दोरा) पुरेसा आहे. स्पूल काठोकाठ भरू नका, दीड-दोन मिलिमीटर कड मोकळी ठेवा. आमिष पाण्यात पडलं की बेल (स्पूलवरची तारेची कमान) हातानं बंद करा, हँडल फिरवून नको. दोऱ्याला पीळ कमी बसतो. ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरा सोडणारा ब्रेक) दीड-दोन पौंडांवर ठेवा.

हलक्या आमिषांसाठी खास बेटकास्टर मिळतात, पण पहिल्या खरेदीत तेवढे पैसे घालू नका. पुढे शेवाळात नकली बेडूक टाकून मरळ काढायची हौस आली, तर साधा बेटकास्टर जरूर घ्या. फक्त रॉड वेगळा लागेल, स्पिनिंगच्या रॉडवर तो चालत नाही.