ल्युइस-क्लार्क ब्लँकेट घेण्याआधी

ल्युइस आणि क्लार्क यांच्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शोधमोहिमेचं पहिलंच स्मरणार्थ ब्लँकेट घेतोयस, तर आधी ते उलटून बघ. ओरेगॉनच्या पेंडल्टनसारख्या गिरणीचं जॅकार्ड विणकाम (नक्षी धाग्यांतच विणलेली) असेल तर नक्षी मागेही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. मागची बाजू फिकट किंवा कोरी दिसली, तर ती छपाई समज आणि पुढे चल.

काठाचा सुटा धागा मिळाला तर जाळून पाहा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो. ताणा, म्हणजे उभा धागा, सुती निघाला म्हणून मात्र घाबरू नकोस. अशा ब्लँकेटांत ताणा सुती आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, लोकरीचा असणं नेहमीचंच. मी याच गैरसमजात एक चांगला नग परत केला होता, अजून हळहळतो.

मोहिमेची द्विशताब्दी २००३ ते २००६ साजरी झाली, त्यामुळे त्या काळातला माल बाजारात बराच फिरतो. ‘दोनशे वर्षं जुनं’ म्हणणाऱ्याला हसून नमस्कार कर. सोबतचं माहितीपत्रकही वाच. तुकडी मे १८०४ मध्ये सेंट लुइसजवळून निघाली आणि सप्टेंबर १८०६ मध्ये परतली; त्यांची दुभाषी साकागाविया, शोशोनी जमातीची तरुणी, त्यांना मिळाली ती मँडन या मूळ अमेरिकन जमातीच्या वस्तीजवळच्या हिवाळी तळावर. सेंट लुइसच्या धक्क्यावर तिला उभी दाखवलीय? मग मजकूर कुणीतरी घाईत लिहिलाय.

कोपऱ्यावरचं लेबल उसवू नकोस. मशीनमध्ये धुऊ नकोस, लोकर आटून नमदा होतो. आणि घडी दर दोन-तीन महिन्यांनी उलगडून झटक. कसर अंधाऱ्या घडीतच लागते.