घरच्या राउटरमागून मेल का जात नाही?

प्रश्न : ताई, मी रबाळ्याच्या कारखान्यात देखभाल विभागात आहे. हौस म्हणून घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डवकॉट (साठवलेला मेल दाखवणारा) बसवलं, पण बाहेर एकही मेल जात नाही. शिवाय काट्यांचं हायब्रिड स्मार्टवॉच घ्यायचंय, मेल आला की मनगटावर कळावं म्हणून. काय सुचवाल? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचं पोस्टफिक्स बहुधा ठीकच आहे, अडतंय ते वाटेत. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल २५ नंबरच्या पोर्टवरून (जोडणीच्या दारावरून) जातो, आणि स्पॅम रोखण्यासाठी घरगुती इंटरनेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या नेमकं तेच बंद ठेवतात. ते उघडून मिळालं, तरी घरगुती आयपी पत्त्यांची (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांची) यादी स्पॅमहाउस ही स्पॅमविरोधी संस्था ठेवते. त्या यादीतल्या पत्त्याचा मेल पुष्कळ सर्व्हर दारातूनच परत लावतात. रिव्हर्स डीएनएसची, म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंदही तुमच्या हातात नसते. जीमेल तर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पाठवणाऱ्याकडे ती नोंद आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे पाठवणारा खरा असल्याची खूण, मागतं.

म्हणून पाठवण्याचा हट्ट सोडा, पण पत्त्याचा अजिबात सोडू नका. स्वतःचं डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घ्या. मग मेल कोणाकडेही ठेवा. पटलं नाही तर एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठे न्यायचा ते सांगणारी) बदलायची, बँकेपासून सोसायटीपर्यंत कुणालाही नवा पत्ता कळवावा लागत नाही. फक्त नूतनीकरण चुकवू नका. सुटलेलं डोमेन दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे त्याच्याकडे जातील.

तुमचा रास्पबेरी पाय वाया जाणार नाही. माझं घंटाळीतल्या घरी असं आहे : मेल पैसे देऊन घेतलेल्या सेवेवर येतो, रात्री एमबीसिंक हा प्रोग्रॅम त्याची प्रत पुस्तकांच्या कपाटातल्या पायवर उतरवतो आणि डवकॉट ती घरात दाखवतो. बाबांनी पाठवलेले सगळे मेल त्यात आहेत. ते कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर राहू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पावसात वीज गेली तर त्या रात्रीची प्रत उतरवायची राहून जाते, इतकंच. वीज आली की एमबीसिंक उरलेलं उतरवून घेतो. पाठवणंही स्वतःच करायचं असेल, तर भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या. मात्र २५ नंबरचं पोर्ट मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

आता घड्याळ. हायब्रिड मला आवडतं, कारण काटे खरे असतात आणि चार्जिंग रोजचं नसतं. विदिंग्जच्या स्कॅनवॉचला कंपनी ३० दिवस सांगते. पण निवडताना बॅटरीआधी ॲप बघा. फॉसिलने जानेवारी २०२४ मध्ये स्मार्टवॉचमधून अंग काढलं, तेव्हा कंपनीच्या ॲपचं पुढे काय, हा प्रश्न ते घालणाऱ्यांपुढे उभा राहिला. अँड्रॉइडवरचं गॅजेटब्रिज हे मुक्त ॲप नोंदी फोनमध्येच ठेवतं, त्याला कंपनीत खातं लागत नाही. तुम्हाला हवं ते मॉडेल त्याच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. काही घड्याळांची जोडणीची किल्ली (फोनशी जुळवायचा गुप्त कोड) एकदा कंपनीच्याच ॲपमधून काढावी लागते, तेही तिथे लिहिलेलं असतं.

आणि मनगटावर सगळा मेल आणू नका. चालू यंत्राजवळ काम करता तुम्ही. घरचे आणि शिफ्टचे साहेब, एवढ्यांच्याच मेलला थरथर ठेवा.