विरहिणीच्या गालावरचे अश्रू पुसून टाक

चिरंजीव मुली,
अनेक आशीर्वाद.

वेंगुर्ल्याहून पाठवलेलं तुझं तोडी रागिणीचं चित्र पाहिलं. रेषेला गोडवा आहे. पण तिच्या गालावरचे अश्रू आजच पुसून टाक. रागमालेतली, म्हणजे राग-रागिण्यांना माणसांच्या रूपात दाखवणाऱ्या चित्रमालिकेतली, नायिका सहसा रडत नाही. चेहरा एका बाजूने दिसणारा, डोळा मोठा, ओठ मिटलेले. दुःख मांडलेलं असतं ते तिच्या आजूबाजूला. तोडी वीणा घेऊन रानात उभी असते आणि ऐकायला येतात हरणं, कारण ज्याने ऐकायचं तो जवळ नाही. आसावरीजवळ चंदनाचं झाड आणि साप. धनाश्री दूर गेलेल्या प्रियकराचं चित्र काढत बसते. आणि ललितमध्ये तो पहाटे निघून चाललाय, ती अजून झोपेतच आहे; विरह सुरू झालाय, पण तिला पत्ताच नाही. मला सगळ्यांत जास्त चटका हेच चित्र लावतं.

कोमल रिषभ या स्वराला कोणता रंग द्यायचा, असं तू विचारलंस. त्या वाटेने जाऊ नकोस. या चित्रांमागे स्वरांपेक्षा रागाचं ध्यान, म्हणजे त्याचं रूप, सांगणारे श्लोक आहेत, पुष्कळदा चित्राच्या माथ्यावरच्या पिवळ्या पट्टीत लिहिलेले. 6 राग, प्रत्येकाच्या 5 रागिण्या, अशी 36 चित्रांची मांडणी त्यातूनच आली. मेवाडात चावंडला 1605 मध्ये नसीरुद्दीनने केलेली रागमाला आणि 1628 मधली साहिबदीनची, या दोन्ही शेजारी ठेवून निवांत बघ. पहिलीत किती थोडक्यात काम भागवलंय!

मात्र संगमरवरी महाल उचलून आणू नकोस. माणूस मुंबईला चाकरीत असलेलं घर भातलावणीच्या दिवसांत कसं दिसतं, हे तुला मी सांगायला नको. ओटीवर खुंटीला त्याची घोंगडी, भर आषाढात कोरडी. तेवढी नीट रंगवलीस, तर बाईचा चेहरा शांत ठेवायला तुला भीती वाटणार नाही.

सवड काढून कुडाळजवळ पिंगुळीला जा, ठाकर मंडळींची चित्रकथी बघ. तिथे चित्र आणि गाणं अजून एकमेकांना धरून आहेत. चित्रं नुसती बघून परतू नकोस, कथा ऐकायला बस.

मेघ राग इतक्यात घेऊ नकोस. पाऊस रंगवायचा मोह आपल्याकडे सगळ्यांनाच होतो आणि त्यात माणसं हरवतात. आधी धनाश्री कर. रंग न भरता नुसती रेषाच पाठव, म्हणजे त्यावर बोलता येईल.

तुझ्या,
बाई