एफ-१५० ला ३० फुटी ट्रेलर झेपेल का?

तुमच्याकडे फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक आहे, घरात चार माणसं, आणि दोन जुने ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची घरं, पसंत पडलेत: ३० फुटी बंक बेडवाला आणि २४ फुटी. किंमत सारखीच, तर कुठला घ्यावा असं विचारलंय. मी २४ फुटी घेईन, तोही भिंती कोरड्या असतील तरच.

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून ट्रकवर किती वजन चालेल ते त्यावर असतं. तुम्ही १,६२० पौंड लिहिलंय. त्यातून माणसांचे ५२०, हिचचे (ट्रेलर जोडायच्या कडीचे) ९० आणि मागच्या सायकली, जनरेटर वगैरेंचे २०० गेले की उरले ८१०. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकवरच येतो. १३ टक्के धरले तर ७,६०० पौंडांच्या मोठ्या ट्रेलरचे ९८८ होतात, ५,८०० च्या लहानाचे ७५४. इंजिन मोठा ट्रेलर ओढेलही, पण हे वजन ट्रकच्या मर्यादेत बसत नाही. विकणारा रिकाम्या ट्रेलरचं वजन सांगेल, ते धरू नका. टाकीतलं ४० गॅलन पाणीच ३३० पौंडांच्या वर जातं. आणि हिचवरचा भार कमी करायला सामान मागे सारू नका. हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो, ते फार धोक्याचं आहे.

आता गळून आत शिरणारं पाणी. आम्ही ओहायोत पहिला ट्रेलर हिवाळ्यात घेतला. छतावर बर्फ होता, म्हणून वर चढून पाहिलंच नाही. एप्रिलच्या पावसात पलंगाखालचा कोपरा ओला झाला, फळी दाबली तर हातात भुगा आला. मुलांची अख्खी सुट्टी दुरुस्तीत गेली, त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून कपाटांच्या आतले कोपरे, खिडक्यांखालची भिंत, बाथरूमच्या दारातली जमीन अंगठ्याने, पायाने दाबून बघा. बाहेरची फायबरग्लासची भिंत फुगलेली दिसली तर तो ट्रेलर सोडून द्या.

टायरवर DOT ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडेही वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

जमलं तर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, आणि दार बंद ठेवायला आधीच सांगा. आत शिरताच कुबट वास आला की कळेल.