‘भाडोत्री माता’ नको, कूसआई म्हणा

विचारलं आहे असं: ‘सरोगेट मदर’ला, म्हणजे दुसऱ्यांसाठी आपल्या पोटात मूल वाढवणाऱ्या बाईला, मराठीत ‘भाडोत्री माता’ म्हणावं की ‘पर्यायी माता’? आणि ‘सरोगसी’ लिहावं की ‘सरोगेसी’?

‘भाडोत्री माता’ मुळीच म्हणू नये. मराठीत भाडोत्री कोण असतात? मारेकरी, गुंड, सैनिक, मोर्चाला आणलेली माणसं. बातम्यांत ‘भाडोत्री मातेने जुळ्यांना जन्म दिला’ असं खणखणीत आवाजात वाचलं जातं तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. ‘भाडं’ संस्कृत ‘भाटक’वरून आलं. घराचं भाडं, गाडीचं भाडं, त्यात काही वावगं नाही. पण त्याच कुळातला ‘भाड’ म्हणजे वेश्येची कमाई, आणि ‘भाडखाऊ’ ही शिवी त्याच्यावरूनच आली. लिहिणाऱ्याच्या मनात नसेलही, ऐकणाऱ्याच्या कानात मात्र हे गणगोत जागं होतं. शिवाय वस्तुस्थिती काय आहे? ब्रिटनमध्ये व्यापारी तत्त्वावर सरोगसी जुळवून देणं १९८५ पासून गुन्हा आहे. भारतात २०२१ च्या कायद्यानं वैद्यकीय खर्च आणि विमा यांसारख्या गोष्टींपलीकडे तिला मोबदलाच देता येत नाही. म्हणजे भाडं उरलं नाही, तरी भाडोत्रीपण तिच्या कपाळी आहेच.

‘पर्यायी’ही मला पटत नाही. पर्यायी रस्ता असतो, पर्यायी उत्तर असतं. मूळचं बंद पडलं किंवा नको झालं की आपण त्याच्याकडे वळतो. मुळात ‘सरोगेट’मध्येच ही गफलत आहे. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे ‘च्या जागी’ आणि ‘रोगारे’ म्हणजे विचारणं. रोममध्ये एखादा अधिकारी मुदत संपायच्या आतच गेला की त्याच्या जागी दुसरा निवडायचा, त्या कृतीचं हे क्रियापद. ते पोटात मूल वाढवणाऱ्या बाईला लावलं तर ती नेमकी कोणाच्या जागी आहे? अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘बेबी एम’ या, सरोगसीतून जन्मलेल्या बाळाच्या ताब्यावरून झालेल्या खटल्याच्या १९८८ च्या निकालात स्पष्टच लिहिलं, की या बाईला ‘सरोगेट मदर’ म्हणणं अयोग्य आहे. त्या खटल्यात बीजही तिचंच होतं, म्हणजे ती सर्वार्थानं जन्मदात्री होती. हल्ली बहुतेक वेळा तसं नसतं. १९७८ मध्ये लुईस ब्राउन या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला, शरीराबाहेर फलन होऊ शकतं हे सिद्ध झालं, आणि पुढे एकीचं बीज दुसरीच्या गर्भाशयात वाढवता येऊ लागलं. आता डॉक्टर ‘जेस्टेशनल कॅरिअर’ म्हणतात. त्याचं कोणी ‘गर्भवाहिका’ करू नये एवढीच विनंती. रुग्णवाहिका, शववाहिका यांच्या रांगेत त्या बाईला उभी करू नका.

एका भाषातज्ज्ञांनी व्याख्यानात ‘प्रतिमाता’ सुचवलं आणि टाळ्या घेतल्या. मराठीत ‘प्रति’ काय करतो ते त्यांनी तपासलेलं दिसत नाही. प्रतिनिधी ठीक आहे. पण प्रतिस्पर्धी, प्रतिपक्ष, साताऱ्याचं प्रतिसरकार? तिथे समोरासमोर उभं राहणं आहे. दोन बायकांना एका बाळासाठी एकमेकींसमोर उभं करणारा शब्द आपण आपल्या हातानं कशाला घडवायचा?

आपल्याकडे ‘कूस’ आहे. या शब्दावर माझं प्रेम आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

संस्कृत ‘कुक्षि’, प्राकृतात ‘कुच्छि’ आणि ‘कुक्खि’ अशी दोन रूपं. हिंदी ‘ख’च्या वाटेनं गेली, तिथे ‘कोख’ झाली. मराठीनं ‘च्छ’ची वाट धरली आणि त्याचा ‘स’ केला. ही एका शब्दाची लहर नाही, मराठीचा स्वभाव आहे. इक्षुचा हिंदीत ईख, आपल्याकडे ऊस. मक्षिकेची तिथे मक्खी, इथे माशी. क्षेत्राचं खेत, आपलं शेत. क्षणाचा तर आपण सण केला. खीर, खार, राख या वाटेनं आल्या नाहीत हे मला ठाऊक आहे, पण त्यांनी नियम मोडत नाही. आता याच्यापुढची गंमत पाहा. ऊस, सण यांत ‘स’ आहे आणि माशी, शेत यांत ‘श’, असं का? पुढे इ, ई, ए आली की मराठीचा ‘स’ टाळूकडे सरकतो. म्हैस आणि म्हशी पाहा, आणि त्याच चालीनं कूस आणि कुशीत. आई मुलाला ‘ये कुशीत’ म्हणते तेव्हा तिच्या जिभेवर एवढा सगळा प्रवास असतो.

(‘गावकुसाबाहेर’मधलं कूस निराळं. तिथे रूप ‘कुसा’ होतं, इथे ‘कुशी’. दोन्हींची भेसळ करून कविता लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.)

आणखी एक. गर्भिणीपासून मराठीत ‘गाभण’ आला आणि तो गाईम्हशींकडे गेला. स्तनापासून ‘थान’ आलं, तेही जनावरांचं. देहाचे घरगुती झालेले शब्द आपण गोठ्यात बांधले आणि माणसांसाठी संस्कृत रूपं राखून ठेवली. कूस मात्र वाचली. घरगुती असूनही ती बाईचीच राहिली, आणि मानानं राहिली. व्रत उजवतं तशी कूस उजवते. हे क्रियापद ‘उद्यापना’तून आलेलं आहे.

गर्भाशय ही कूस, शरीराची बाजू ही कूस, आणि जवळ घेणं हीही कूस. आमच्या परिचयातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात, बाजूची कूस आणि गर्भाची कूस हे दोन शब्द आहेत, योगायोगानं सारखे ऐकू येतात. मला हे साफ अमान्य आहे. रूपं एक, लिंग एक, ध्वनिबदल एक, आणि ज्या बाजूंच्या मधोमध मूल वाढतं त्याच या बाजू. प्राध्यापकांनी एखाद्या दिवस भरत आलेल्या बाईला विचारावं. मी विचारलं होतं. आमच्या शेजारच्या एकीनं नणंदेसाठी बाळ वाढवलं. आठव्या महिन्यात मी गेले तर उशांच्या आधारानं डाव्या कुशीवर टेकलेली. म्हणाली, “काकू, कूस बदलायची तर आधी आतल्याला विचारावं लागतं, लगेच लाथ बसते.” एका वाक्यात तिनं कुक्षीचे दोन अर्थ जोडून दिले. त्या सगळ्या महिन्यांत ती ‘माझं बाळ’ म्हणाली नाही, आणि ‘सरोगसी’ही म्हणाली नाही. “वन्संचं बाळ माझ्याकडे आहे,” इतकंच सांगायची. बाळ झाल्यावर पहिल्यांदा कुशीत घेतलं ते नणंदेनं. म्हणजे एकीनं कूस दिली, दुसरीनं कुशीत घेतलं, आणि दोघींना पुरेल एवढा तो एकच शब्द आहे.

म्हणून माझं म्हणणं, क्रियापद हवं असेल तर ‘कूस देणं’ म्हणा: ‘तिनं नणंदेच्या बाळाला कूस दिली.’ ‘कूस उसनी दिली’ म्हणू नका. उसनं घेतलेलं पीठ आपण त्याच मापानं परत करतो, इथे कोण काय परत करणार? आणि नाम हवं असेल तर ‘कूसआई’. हे मी हवेतून काढलेलं नाही. ‘दूधआई’ हा शब्द आपण पिढ्यान् पिढ्या वापरतो; संभाजीराजांची दूधआई धाराऊ सर्वांना माहीत आहे. जिनं दूध दिलं ती दूधआई, जिनं कूस दिली ती कूसआई. दूधआईला मोबदला मिळत असे, तरी तिला भाडोत्री म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. दूधआई आली म्हणून आईचं आईपण उणं झालं नाही, आणि दूधआईलाही कुणी पर्यायी ठरवलं नाही.

‘कूसआई’ उच्चारायला अवघड जातो अशी तक्रार एका संपादकांनी केली. ‘दूधआई’ जमतं त्याला हा जमतो. स आणि आ यांच्यामध्ये किंचित थांबा, संधी करू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं राहिलंच. ‘सरोगसी’ लिहा. इंग्रजी उच्चारात ‘ग’वर ए नाही.